स्थिर छायाचित्रातील गती : पंचगंगा, रंकाळा आणि मसाईच्या पठारावरून

पंचगंगाकाठ

पावसाळा सुरू झाला की राऊतवाडी, बर्की आणि गगनबावड्याकडच्या धबधब्यांची छायाचित्रे या विभागात एकामागून एक येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेकांत पाणी एकसारखे पांढरे, गुळगुळीत आणि तपशीलहीन झालेले असते. शटर एक-दोन सेकंद उघडे ठेवले की असे पाणी हमखास मिळते, आणि पाण्याची गती दाखवण्याचा हाच मार्ग आहे असे आपण जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले आहे. हे गृहीतक एकदा नीट तपासावे म्हणून हा धागा काढत आहे. जूनच्या अखेरीस कातळावरून नुकताच उतरू लागलेला ओहोळ आणि जुलैच्या मध्यावर दगडगोटे ढकलत कोसळणारा लोंढा हे दोन्ही छायाचित्रात सारखेच दिसणार असतील, तर त्या छायाचित्राने गती दाखवली असे कसे म्हणायचे? काही वेळ गेला एवढेच ते सांगते. पाणी कोठून आले, किती जोराने आले आणि कशाला वळसा घालून पुढे गेले, हे सारे त्यातून पुसले जाते.

धीम्या शटरला माझा विरोध नाही. माझी हरकत शटरचा वेग केवळ सेकंदांत मोजण्याच्या सवयीला आहे. पाण्यासाठी अर्धा सेकंद, पक्ष्यासाठी १/२००० सेकंद असे आकडे आपण पाठ करतो आणि प्रत्येक ठिकाणी तेच वापरतो. छायाचित्रात मात्र सेकंद उमटत नाहीत. शटर उघडे असताना विषयाने चौकटीचा किती भाग ओलांडला, तेवढे अंतर उमटते. हे अंतर काढणे अवघड नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाची, रुंदी ३६ मिलिमीटर असते. विषयापर्यंतच्या अंतराला ३६ ने गुणावे आणि लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागावे, म्हणजे त्या ठिकाणी चौकटीत किती रुंदी मावते ते कळते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने १५ मीटरवर सुमारे ११ मीटर रुंदी मावते. लहान, एपीएस-सी सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यासाठी ३६ च्या जागी २४ धरले तरी चालते.

आता पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याचे उदाहरण घेऊ. पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवण्यासाठी खांबांमध्ये घातलेल्या फळ्या) काढले की पाणी दोन खांबांच्या मधून मोकळे धावते. जोराचा पूर नसताना तेथील प्रवाह सेकंदाला २ मीटर धरला आणि वर सांगितलेल्या ११ मीटरच्या चौकटीत तो घेतला, तर अर्ध्या सेकंदात पाणी १ मीटर पुढे सरकते, म्हणजे चौकटीचा अकरावा भाग ओलांडते. १/१५ सेकंदात ते सुमारे १३ सेंटीमीटर सरकते, म्हणजे चौकटीचा साधारण ऐंशीवा भाग. २ सेकंदांत मात्र ते चौकटीच्या एक तृतीयांशाहून अधिक अंतर कापते. शेवटच्या छायाचित्रात पांढरेपणाखेरीज काही उरत नाही. पहिल्यात लांब पट्टे एकमेकांवर चढतात. मधल्यात मात्र प्रत्येक लाटेचा माथा आणि तिची खोलगट बाजू ओळखू येते, आणि तरीही प्रत्येक फटकाऱ्याला दिशा असते. माझ्या नजरेला वाहत्या पाण्याची गती सर्वांत चांगली दिसते ती पाणी चौकटीच्या शंभराव्या ते विसाव्या भागाइतके सरकले असताना. त्याहून बरेच कमी सरकले तर पाणी गोठल्यासारखे वाटते आणि त्याहून अधिक सरकले तर विरघळून जाते.

याच अर्ध्या सेकंदाने शिवाजी पुलावरून, २४ मिलिमीटरच्या लेन्सने, १०० मीटर दूरचे पात्र टिपले तर काय होते तेही पाहा. तेथे चौकटीत १५० मीटर रुंदी मावते, म्हणून तेच १ मीटर सरकलेले पाणी चौकटीचा दीडशेवा भागच ओलांडते आणि नदी जवळजवळ थबकल्यासारखी दिसते. नदी तीच, शटरही तेच, परंतु बंधाऱ्यावरून ती धावते आणि पुलावरून उभी राहते. सेकंदांचे आकडे पाठ करून छायाचित्रण का साधत नाही, याचे कारण येथे आहे.

धबधब्याच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. स्थिर अवस्थेतून खाली पडू लागलेले पाणी पहिल्याच सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १० मीटर झालेला असतो. म्हणजे ५ मीटर उंचीची धार टिपताना शटर एक सेकंद उघडे ठेवले, तर माथ्यावरचे पाणी तेवढ्या अवधीत तळाला पोहोचलेले असते. चौकटीतल्या प्रत्येक बिंदूवरून सगळे पाणी जाऊन चुकते, मग त्यात पोत उरणार तरी कसा? तेथे १/६० ते १/१५ सेकंदाच्या दरम्यान धारा सुट्या राहतात, कातळाच्या कोणत्या टोकावर आपटून पाणी फुटते ते कळते आणि पडण्याचा जोरही जाणवतो. आपल्यापैकी फारच थोडे जण या पट्ट्यात काम करतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण राऊतवाडीचे पाणी ज्या आवेशाने येते तो आवेश याच पट्ट्यात सापडतो.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. गती नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, म्हणून चौकटीत काहीतरी पूर्ण स्थिर आणि रेखीव असल्याशिवाय ती दिसत नाही. बंधाऱ्याचे दगडी खांब, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, धबधब्यामागचा काळा ओला कातळ यांच्या कडा धारदार आल्या की शेजारचे पाणी आपोआप धावू लागते. तेच खांब किंचित हलले, तर पाहणाऱ्याला कॅमेरा हलल्याचे कळते आणि पाण्याकडचे लक्ष उडते. म्हणून ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट ही साधने मी पाण्याकरिता कमी आणि दगडाकरिता अधिक वापरतो.

वाऱ्याचे छायाचित्रण याच कारणाने कठीण असते, कारण वारा स्वतः दिसत नाही, त्याने वाकवलेले तेवढे दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मसाईच्या पठारावर सोनकी फुललेली असताना वारा सतत असतो आणि १/४ सेकंदाला सगळीच फुले पुसट होतात. अशा वेळी एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला असलेली, कमी हलणारी दोन-चार फुले शोधून त्यांच्यावर फोकस करावा आणि उघड्यावरच्या फुलांना हलू द्यावे. हिवाळ्यात उसाला तुरा येतो तेव्हा काम त्या मानाने सोपे होते, कारण तेथे स्थिर आणि चल या दोन्ही गोष्टी एकाच झाडात असतात. उसाचा बुडखा हलत नाही, मधला भाग थोडा हलतो आणि तुरा मोठी कमान काढतो. नुसत्या तुऱ्यांची चौकट घेतली तर फक्त पुसटपणा मिळतो. तीच चौकट खाली उतरवून कांड्यांचा भाग आत घेतला की वारा दिसू लागतो. सूर्य मावळतीला आलेला असताना तुरे उजेडाच्या विरुद्ध बाजूने घेतले तर ते स्वतःच प्रकाशमान होतात आणि त्यांच्या कमानी मागच्या सावलीवर ठळक उठतात.

पक्षी आणि प्राणी हा माझा विषय नाही. त्यांच्याबद्दल आणि वरच्या मतांच्या विरुद्ध ज्यांना सांगायचे आहे त्यांनी अवश्य सविस्तर लिहावे.

धीवर

उत्तम धागा. स्थिर आणि चल यांच्याविषयी आपण जे म्हणता ते पक्ष्यांच्या बाबतीत एकाच शरीरात पाहायला मिळते. रंकाळा तलावावर कवडा धीवर, ज्याला अनेक जण कवड्या खंड्या म्हणतात, मासा हेरताना पाण्यावर एका जागी पंख मारत तरंगतो. त्या वेळी त्याचे डोके हवेत खिळवल्यासारखे स्थिर असते आणि पंख मात्र वेगाने फिरत असतात. १/२००० सेकंदाला पंखांतले प्रत्येक पीस मोजता येते, परंतु पक्षी दोऱ्याने टांगल्यासारखा वाटतो. शटर १/२५० च्या आसपास आणले की डोळा आणि चोच रेखीव राहते, पंखाचा खांद्याकडचा भाग थोडा मऊ होतो आणि टोक पूर्ण पुसट होते, कारण खांद्यापेक्षा टोकाला त्याच वेळात कितीतरी मोठे अंतर कापावे लागते. उसाच्या तुऱ्याविषयी आपण लिहिलेत तेच हे आहे. अशा अनेक छायाचित्रांतून थोडीच उपयोगी ठरतात, म्हणून सलग मालिका घ्यावी लागते.

पॅनिंगबद्दल थोडे लिहितो. संध्याकाळी बगळे थव्याथव्याने रातथाऱ्याकडे परततात तेव्हा काठाला समांतर उडणारा पक्षी निवडावा आणि १/३० ते १/६० सेकंदाला कॅमेरा त्याच्यासोबत फिरवत न्यावा. येथे स्थिर आणि चल यांची अदलाबदल होते. पक्षी रेखीव राहतो आणि मागची झाडी आडव्या पट्ट्यांत ओढली जाते. नेमके केव्हा टिपायचे याचे कारण भूमितीत आहे. पक्षी आपल्यासमोर अगदी काटकोनात येतो तेव्हा आपल्या दृष्टीने त्याचा फिरण्याचा वेग सर्वाधिक असतो, पण त्या क्षणी तो वेग वाढतही नसतो आणि घटतही नसतो. म्हणून हाताची गती तेथेच जुळते. त्याच्या आधी किंवा नंतर टिपले तर हात एकतर मागे पडतो किंवा पुढे जातो. लेन्सच्या स्थिरीकरणाला पॅनिंगसाठी वेगळी स्थिती असेल तर तीच वापरावी, कारण तीत फक्त उभा कंप दुरुस्त होतो आणि आडवे फिरवणे अडत नाही.

मात्र एका बाबतीत मी आपल्याशी असहमत आहे. अतिजलद शटरने गती मरते हे सर्वत्र खरे नाही. कळंब्याच्या तलावावर हिवाळ्यात चांदवा पक्षी उडण्यापूर्वी पाण्यावर बरेच अंतर धावत जातो. १/२००० सेकंदाला घेतलेल्या अशा छायाचित्रात पक्षी पूर्ण गोठलेला असतो, पण त्याच्या मागे प्रत्येक पावलाने उठवलेले वर्तुळ असते. सर्वांत दूरचे वर्तुळ मोठे आणि विरळ होत आलेले असते, जवळचे लहान आणि उंच कडांचे असते, आणि पायाखालचे पाणी तर अजून फक्त उडालेले असते. गेल्या काही सेकंदांची सगळी हकिकत त्या एका स्थिर चित्रात क्रमाने मांडलेली असते, आणि त्यासाठी कशालाही पुसट करावे लागत नाही.

चित्रशाळा

मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे माझा दृष्टिकोन थोडा वेगळा आहे, परंतु विषय तोच आहे.

हा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच आला. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेर याने पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांपल या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा असूनही चित्रात तो रिकामा दिसतो, कारण प्लेटवर प्रकाश पडायला काही मिनिटे लागत आणि गाड्या-घोडे तेवढ्यात येऊन निघून जात. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक माणूस मात्र त्यात उमटला. एक सेकंदाच्या धबधब्यात पाण्याचा पोत नाहीसा होतो ती हीच क्रिया आहे. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८७८ मध्ये, मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे ओळीने बारा कॅमेरे लावून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे त्यातून सिद्ध झालेच, पण तो क्षण पाय पोटाखाली एकत्र आलेले असताना येतो हेही कळले. तोपर्यंत चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला घोडा हवेत रंगवत आले होते. १८८२ मध्ये मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा, सेकंदाला बारा चित्रे घेणारा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांचा अभ्यास केला.

यावर रोदँ या शिल्पकाराने घेतलेला आक्षेप मला आजही विचार करण्याजोगा वाटतो. काळ प्रत्यक्षात कधी थांबत नाही, म्हणून एका क्षणावर थांबलेले छायाचित्र खोटे बोलते आणि खरे बोलतो तो कलावंतच, असे त्याचे म्हणणे होते. चालणाऱ्या माणसाच्या शिल्पात वेगवेगळ्या क्षणांच्या अवस्था एकत्र आणल्या तरच तो चालतो, असे तो मानत असे. धीवर यांचा चांदवा या आक्षेपाला उत्तम उत्तर आहे, कारण त्या चित्रात वेगवेगळे क्षण एकत्र आहेत आणि ते एकत्र आणण्याचे काम पाण्याने केले आहे.

त्यामुळे शटरइतकेच क्षणाच्या आणि रचनेच्या निवडीकडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. पूर्ण तोलात असलेली आकृती थांबलेली वाटते, आणि जिचा तोल जात आहे व जिला पुढच्या क्षणी कोठेतरी जावेच लागणार आहे अशी आकृती चालती वाटते. फांदीवरून झेपावण्यापूर्वी पुढे कललेला वेडा राघू, फुटण्याच्या बेतात असलेली लाट, पायाखालचे दगड निसटत असताना उतारावर आलेला गवा यांना पुसट करण्याची गरज नसते. चौकटीतल्या तिरप्या रेषाही हेच काम करतात. वाऱ्याने एका बाजूला झुकलेले मसाईचे गवत १/५०० सेकंदालाही वारा दाखवते, मात्र त्यासाठी क्षितिज अचूक आडवे असले पाहिजे, नाहीतर गवत झुकले आहे की कॅमेरा हे कळत नाही.

विषयाच्या पुढे जागा सोडावी हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पुढची मोकळी जागा तो कोठे जाणार हे सांगते. परंतु बदकाच्या मागे पाण्यात दोन बाजूंना फाकत जाणारी रेघ असेल, किंवा चांदव्याच्या मागे वर्तुळे असतील, तर जागा मागे सोडणे अधिक योग्य, कारण तेथे तो कोठून आला हे लिहिलेले असते. चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपल्या कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या परिसरात निसर्गचित्रे रंगवली. त्या काठांवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी चित्रकार पाण्यावर कोठे आडवा फटकारा देतो आणि कोठे कागद तसाच मोकळा ठेवतो, हे एकदा जवळून पाहावे. पाण्याच्या सगळ्या पृष्ठभागावर तो हालचाल दाखवत नाही. थोड्या ठिकाणी दाखवतो आणि बाकीचे पाहणाऱ्यावर सोपवतो.

नवशिकी

सर्वांचे लेखन पुन्हा पुन्हा वाचले. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स आणि मोबाइल एवढेच आहे. ट्रायपॉड नाही. दुपारच्या उजेडात शटर १/१५ वर नेले की चित्र पूर्ण पांढरे पडते. मोबाइलमध्ये लाँग एक्स्पोजरची (बराच वेळ प्रकाश टिपत राहण्याची) सोय आहे, पण तिच्यातले पाणी कॅमेऱ्यासारखे दिसत नाही. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) घेतल्याशिवाय काही करता येईल का, दादा? घ्यायचा झाल्यास किती क्षमतेचा घ्यावा?

पंचगंगाकाठ

ताई, आधी उजेडाचा हिशेब पाहू. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके लहान ठेवले तर योग्य शटर साधारण १/१०० सेकंद येते. म्हणजे दुपारी १/१५ ला चित्र पांढरे पडणे स्वाभाविक आहे. पावसाळी ढगाळ दिवशी उजेड सुमारे आठपट कमी होतो आणि त्याच एफ/१६ ला शटर १/१२ च्या आसपास येते. वरच्या हिशेबाप्रमाणे आपल्याला हवा तो पट्टा हाच आहे. म्हणून राऊतवाडीला ढगाळ सकाळी जावे, फिल्टरची गरज भासणार नाही. छोट्या सेन्सरवर एफ/१६ ला विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) एकूण रेखीवपणा थोडा कमी होतो, त्यामुळे उजेड पुरेसा कमी असेल तर एफ/११ वर, म्हणजे थोड्या मोठ्या छिद्रावर, थांबावे.

काही घ्यायचेच असेल तर पहिल्यांदा पोलरायझर घ्या. तो प्रकाश तीन ते चारपट कमी करतो, म्हणजे शटर तेवढे लांबते, आणि शिवाय ओल्या कातळावरची व पानांवरची चमक काढून टाकतो. ही चमक गेली की कातळ गडद होतो आणि त्याच्यासमोरचे पाणी अधिक उठून दिसते. दुकानात सर्वप्रथम दाखवला जातो तो प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारा दहा स्टॉपचा फिल्टर (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). त्याने भर उन्हातले १/१०० सेकंद १० सेकंदांवर जातात. धबधब्यासाठी ते निरुपयोगी आहे. चार स्टॉपचा, म्हणजे सोळापट प्रकाश कमी करणारा फिल्टर उन्हात १/६ सेकंद देतो आणि नदी-ओढ्यांच्या बहुतेक कामांना पुरतो.

मोबाइलचा फरक आपण बरोबर टिपला आहे. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे छिद्र लहानमोठे करता येत नाही, म्हणून तो एक लांब एक्स्पोजर न घेता अनेक छोटी चित्रे घेऊन ती एकत्र करतो. संथ सरकणाऱ्या पाण्याला त्याने फरक पडत नाही, परंतु वेगाने जाणारा थेंब दोन चित्रांच्या मध्ये निसटतो आणि त्याची रेघ तुटक येते. कॅमेऱ्याने मात्र ट्रायपॉडशिवायही १/१५ साधता येते. लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवावी, पाठ झाडाला टेकवावी किंवा कोपर कठड्यावर ठेवावे, श्वास सोडून थांबावे आणि एकदम पाच-सहा चित्रांची मालिका घ्यावी. तिच्यातले एखादे तरी दगडाच्या कडांना रेखीव असते. आणि जाताना ओल्या शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवण्यापूर्वी दहा वेळा विचार करा, तेथे घसरून पडण्याचे प्रसंग दरवर्षी घडतात.

सह्यवाट

पंचगंगाकाठ यांच्या शंभरावा ते विसावा भाग या पट्ट्याला माझा आक्षेप आहे. बर्गे घातलेले असताना बंधाऱ्याखाली जेथे पाणी भोवऱ्यात फिरते तेथे फेसाचे ठिपके तरंगत असतात. डोळ्याला ते नुसते इकडे-तिकडे हलताना दिसतात. शटर दहा-बारा सेकंद उघडे ठेवले की प्रत्येक ठिपका आपला मार्ग आखतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एकात एक अशी वर्तुळे उमटतात. भोवऱ्याचे केंद्र कोठे आहे, मुख्य प्रवाह कोठून त्याला स्पर्श करून जातो, हे मला अशा छायाचित्रांतूनच पहिल्यांदा समजले. येथे ठिपक्याने चौकटीचा तिसरा किंवा अर्धा भाग ओलांडलेला असतो. मग आपल्या हिशेबाने हे विरघळून जायला हवे होते.

तसेच गगनबावड्याला कोकणातून वर चढणारे ढग. करूळ घाटाच्या माथ्यावरून २४ मिलिमीटरच्या लेन्सने १ किलोमीटर दूरचा ढग घेतला तर चौकटीत दीड किलोमीटर मावतो. ढग सेकंदाला १० मीटर सरकत असेल तर ३० सेकंदांत चौकटीचा पाचवा भाग ओलांडतो, आणि तेथे तो मला अगदी योग्य वाटतो. उलट शंभर मीटरवरून धुके जात असेल तर दोन सेकंदांतच पुरे होते.

आणखी एक मुद्दा. दाजीपूरच्या जंगलात मी शटर १/४ वर ठेवून कॅमेराच वरून खाली फिरवतो. झाडांचे बुंधे उभ्या पट्ट्यांसारखे ओढले जातात आणि जंगलाची उंची जाणवते. याला येथे स्थान आहे का?

पंचगंगाकाठ

फेसाचे उदाहरण महत्त्वाचे आहे आणि त्यामुळे माझा नियम अधिक नेमका करता येतो. फेसाचे ठिपके उजळ आणि विरळ असतात व त्यांच्यामध्ये गडद पाणी असते. ठिपका पुढे गेला की मागची जागा पुन्हा गडदच असते, म्हणून त्याची रेघ शेजारच्या रेघेत मिसळत नाही. धबधब्यात उजळ पाण्याच्या मागोमाग उजळच पाणी येते आणि त्यामुळे रेघा एकमेकींना झाकतात. तेव्हा हलणारी वस्तू जितकी विरळ आणि तिची पार्श्वभूमी जितकी गडद, तितके लांब एक्स्पोजर चालते. वस्तू दाट असेल तर ते आखूडच ठेवावे लागते. माझा पट्टा दाट पाण्याचा आहे असे समजावे. ढगांचे आपले उदाहरणही यात बसते, कारण तेथे ढगांच्या मधून निळे किंवा करडे आकाश दिसत असते. आकाश पूर्ण भरलेले असेल तर तीस सेकंदांनी फक्त सपाट राखाडी रंग मिळेल.

पाऊस टिपतानाही हेच लागू पडते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो, म्हणून १/६० सेकंदाला त्याची रेघ १५ सेंटीमीटरची होते आणि १/१२५ ला ७ सेंटीमीटरची. मागे उजळ आकाश असले तर या रेघा दिसतच नाहीत. मागे दाट आंब्याचे झाड किंवा सावलीतली दरड असावी आणि उजेड थेंबांच्या मागच्या बाजूने यावा, म्हणजे पाऊस दिसतो.

कॅमेरा फिरवून केलेली चित्रे सुंदर होतात हे मान्य आहे, पण तेथे झाडे उभी असतात आणि हलतो तो आपला हात. त्याला निसर्गाची गती म्हणणे मला पटत नाही. धीवर यांच्या पॅनिंगमध्येही हात हलतो, परंतु तेथे तो पक्ष्याच्या वेगाशी बांधलेला असतो, आणि या दोहोंतला फरक मला मोलाचा वाटतो.

सह्यवाट

विरळ आणि दाट हा भेद पटला. कॅमेरा फिरवण्याबद्दल मात्र माझे मत कायम आहे. जंगलात शिरल्यावर आपली नजर बुंध्यावरून शेंड्याकडे जाते. ती हालचाल पाहणाऱ्याची असली तरी तिला भाग पाडणारे झाड असते.

निशाचर

विरळ वस्तू आणि गडद पार्श्वभूमी म्हटले की रात्रीचा उल्लेख आलाच पाहिजे. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला राधानगरीच्या जंगलात काजवे चमकतात तेव्हा २०-३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये प्रत्येक काजव्याचा मार्ग लखलखणाऱ्या ठिपक्यांच्या ओळीत दिसतो. तो सलग रेघ काढत नाही, कारण तो थांबून थांबून चमकतो, आणि त्या ठिपक्यांमधील अंतरावरून त्याच्या उडण्याचा वेग कळतो. अनेक चित्रे एकावर एक रचण्याची पद्धत आता फार वाढली आहे. दोन तासांचे काजवे एकाच झाडावर आणून ठेवले तर चित्र भरगच्च होते, पण कोणाच्याही डोळ्यांनी कधी न पाहिलेली गर्दी त्यात असते. असे केले असल्यास चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे असा माझा आग्रह आहे. काजव्यांजवळ टॉर्च किंवा फ्लॅश वापरू नये, कारण जोडीदाराला दिलेला त्यांचा संकेत त्या उजेडात हरवतो.

ताऱ्यांच्या बाबतीत गती पृथ्वीची असते आणि तिचा हिशेब सर्वांत सोपा आहे. आकाश तासाला १५ अंश फिरते, म्हणून तासाभराच्या एक्स्पोजरमध्ये प्रत्येक तारा १५ अंशांची कमान काढतो. या कमानींचे केंद्र ध्रुवताऱ्याजवळ असते आणि ध्रुवाची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. कोल्हापूरला ती साधारण १७ अंश येते. युरोपातल्या छायाचित्रांत हे केंद्र डोक्यावर उंच दिसते, आपल्याकडे ते क्षितिजाच्या थोडेच वर असते. ही अडचण नसून सोय आहे. २४ मिलिमीटरच्या आडव्या चौकटीत मसाईवरचा एखादा कातळ किंवा पन्हाळ्याची तटबंदी तळाशी घेऊन तिच्या जरा वर संपूर्ण आकाशाचे केंद्र बसवता येते, आणि पंचगंगाकाठ ज्या स्थिर वस्तूबद्दल सांगतात ती आयतीच मिळते.

नवशिकी

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा एक प्रश्न आहे. पुराच्या दिवसांत पंचगंगेचे पाणी ज्या जोराने जाते तो जोर टिपायची फार इच्छा आहे, पण घरचे बंधाऱ्याजवळ जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. दुरून घेतलेल्या चित्रात नदी थांबलेली दिसते हे आपण वर दाखवलेच आहे.

पंचगंगाकाठ

घरच्यांचे ऐका. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, परंतु बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेलेला असतो. अशा वेळी काठाच्या पायऱ्यांवर किंवा वाहतूक बंद केलेल्या पुलावर छायाचित्रासाठी जाणे पूर्णपणे चुकीचे आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

दुरून काम होते, फक्त लेन्स लांब पल्ल्याची हवी. एखाद्या उंच, सुरक्षित जागेवरून १५० मीटर दूरचे पात्र १८-५५ ऐवजी २०० मिलिमीटरच्या लेन्सने घेतले, तर आपल्या कॅमेऱ्यात सुमारे १८ मीटर रुंदी मावेल. पुराचा प्रवाह सेकंदाला ३ मीटर धरला तर १/१० सेकंदात पाणी ३० सेंटीमीटर, म्हणजे चौकटीचा साठावा भाग सरकेल, आणि बंधाऱ्यावर उभे राहून जे मिळाले असते ते दुरूनही मिळेल. अशी लेन्स नसल्यास कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी घ्यावी. एवढ्या फोकल लेंथला १/१० सेकंद हातात धरून साधणार नाही, म्हणून कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर धान्याच्या छोट्या पिशवीवर टेकवावा आणि टायमर लावावा. पात्राच्या मध्यभागाऐवजी अर्धी बुडालेली बाभूळ किंवा विजेचा खांब शोधावा. त्याच्या वरच्या अंगाला पाणी चढते, दोन बाजूंना फाटते आणि खालच्या अंगाला खड्डा पडतो. तो खड्डा किती खोल आहे यावरून पाण्याचा जोर कळतो, म्हणून फोकस बुंध्यावर ठेवून बाभळीच्या खालच्या बाजूला चौकटीत अधिक जागा सोडावी.